न लिहिलेली टिपणे

‘हेरणे’ या क्रियापदाला मराठीत दोन वळणे आहेत. शत्रूच्या गोटातले मर्म हेरले जाते आणि होतकरू मुलगाही हेरला जातो. पहिल्या अर्थाचा हेर रात्री फिरतो, दुसऱ्या अर्थाचा भरदुपारी मैदानाच्या कडेला टोपी पुढे ओढून बसलेला असतो. काम मात्र दोघांचे सारखेच. जे अजून उघड झालेले नाही ते आधी पाहायचे आणि आपल्या धन्याला कळवायचे. इंग्रजीतल्या ‘स्काउट’ या शब्दाचीही कुळकथा हीच. आपल्याकडे तो शब्द गळ्यात रुमाल बांधून शाळेत आला आणि शाळेतच राहिला. अमेरिकेतल्या बेसबॉलने तो लष्कराकडून उचलला आणि त्याचा पोटापाण्याचा धंदा केला.

या कामातल्या ‘पाहणे’ या अर्ध्या भागाविषयी पुष्कळ बोलले जाते. पारखी नजर, हिरा ओळखणारा जवाहिऱ्या, अशी रूपके आपल्याकडे ढिगाने आहेत. आम्हाला येथे उरलेल्या अर्ध्या भागाविषयी, म्हणजे ‘कळवणे’ याविषयी लिहायचे आहे. वऱ्हाडाच्या क्रीडा-इतिहासात, विशेषतः अमरावती आणि अकोला या दोन शहरांच्या इतिहासात, पाहणारे डोळे कधी कमी पडले नाहीत. त्या डोळ्यांनी पाहिलेले कागदावर काय उतरले, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो साहित्याच्या अभ्यासकांच्या अंगणातला आहे, असे आम्हाला वाटते.

तुलनेसाठी आधी अमेरिकेत डोकावणे भाग आहे. बेसबॉलच्या मैदानात सर्वांत मागे तीन क्षेत्ररक्षक उभे असतात. त्यांना आउटफिल्डर म्हणतात. क्रिकेटमधल्या सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकासारखेच त्यांचे काम असते. उंच गेलेल्या चेंडूखाली धावत पोहोचायचे, झेल घ्यायचा आणि लांबून अचूक फेक करायची. महाविद्यालयात खेळणाऱ्या अशा मुलाला व्यावसायिक संघांचा हेर पाहायला येतो तेव्हा पाच गोष्टी तपासतो : बॅटला चेंडू लागतो किती, लागल्यावर जातो किती दूर, मुलगा धावतो कसा, हात कसा आहे, झेल कसे घेतो. प्रत्येक गोष्टीला वीस ते ऐंशी या मापात गुण द्यायचे. पन्नास म्हणजे सर्वोच्च स्तरावरच्या सरासरी खेळाडूइतके. यातली खरी मौज अशी की गुणांचे रकाने दोन असतात, एक ‘आज’चा आणि दुसरा ‘पुढे’चा. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या ‘आज’च्या रकान्यात तीस-पस्तीस पडले तरी कोणी दचकत नाही. हेराचा पगार दुसऱ्या रकान्यासाठी असतो. शिवाय आकड्यांखाली चार ओळी गद्यात लिहाव्या लागतात. खांदे कसे आहेत, बाद झाल्यावर तो कसा चालत परत येतो, बॅट फिरवताना पुढचा पाय कुठे पडतो, कोण्या नावाजलेल्या खेळाडूची आठवण होते.

ही चार ओळींची टिपणे म्हणजे एक वाङ्मयप्रकारच आहे. ब्रँच रिकी या संघचालकाने १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून गोऱ्यांच्या बेसबॉलमधली वर्णाची भिंत फोडली. त्याच रिकीने पन्नाशीच्या दशकात स्वतः सांगून टंकलिखित करवून घेतलेली खेळाडूंची टिपणे आज अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. त्यांतले बरेच खेळाडू पुढे कोणी झाले नाहीत. तरीही अमुक एका दुपारी अमुक एक मुलगा चेंडूकडे कसा धावला, हे तिथे शब्दांत उरले आहे. अपयशी माणसाचेही वर्णन शिल्लक राहणे ही इतिहासाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

महाविद्यालयीन खेळाडूच्या बाबतीत हेराची अडचण एक पायरी वाढते. १९७४ पासून अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये धातूची बॅट चालते, व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडीच लागते. धातूच्या बॅटवरून उडालेला चेंडू लाकडावरून किती गेला असता, याचा अंदाज बांधत बसावे लागते. जणू भाषांतर वाचून मूळ कवितेविषयी मत द्यायचे. म्हणून उन्हाळ्यात केप कॉडच्या स्पर्धेला हेरांची गर्दी होते. तिथे १९८५ पासून महाविद्यालयीन मुलांना पुन्हा लाकडी बॅट हाती घ्यावी लागते.

यानंतर वार्षिक ‘ड्राफ्ट’ येतो. संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे आणि कमकुवत संघाला आधी संधी द्यायची, अशी ही पद्धत १९६५ मध्ये सुरू झाली. पहिल्याच वर्षी पहिल्याच क्रमांकावर निवडला गेलेला रिक मंडे हा ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा आउटफिल्डर होता. दुसऱ्या वर्षीची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्याच विद्यापीठाचा दुसरा एक आउटफिल्डर, रेजी जॅक्सन, १९६६ च्या ड्राफ्टला उपलब्ध होता. तो विद्यापीठात आला होता अमेरिकी फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. पहिली निवड न्यूयॉर्क मेट्स या संघाची होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा शालेय कॅचर निवडला. जॅक्सन दुसऱ्या क्रमांकावर कॅन्सस सिटीकडे गेला. चिलकॉट सर्वोच्च स्तरावर एकही सामना खेळू शकला नाही. जॅक्सनच्या नावावर शेवटी ५६३ होमरन जमा झाले. आपण कृष्णवर्णीय आहोत आणि आपली मैत्रीण तशी नाही, ही गोष्ट मेट्सना खटकली, असे जॅक्सन पुढे सांगत राहिला. संघाने ते नाकारले आणि आपल्याला कॅचरच हवा होता असे सांगितले. खरे काय असेल ते असो. हेराची नजर फक्त खांदे आणि पाय पाहत नाही, समाजाने तिला जे पाहायला शिकवलेले असते तेही पाहते, एवढे या वादावरून ध्यानात ठेवावे.

आता वऱ्हाडाकडे वळू. योगायोग असा की वऱ्हाड आणि बेसबॉल एकदा जगाच्या एकाच रंगमंचावर, एकाच पंधरवड्यात येऊन गेलेले आहेत. १९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने १२ तारखेच्या रात्री मुख्य स्टेडियमवर अमेरिकेच्या दोन हौशी संघांनी बेसबॉलचा प्रदर्शनीय सामना खेळून दाखवला. प्रेक्षकांची संख्या नव्वद हजारांच्या घरात असल्याचे सांगितले जाते. त्यातल्या बहुतेकांना समोर काय चालले आहे हे कळत नव्हते. याच ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला गेले होते. त्यांनी हुतूतू, खो-खो यांसारख्या भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्याही प्रेक्षकांना फारसे कळत नसणार. परक्यांसमोर आपला खेळ मांडणारी ही दोन मंडळी. एका खेळापाशी तेव्हाच हेर, करार आणि पगार होते. दुसऱ्यापाशी यातले काही नव्हते, आणि त्याला ते नको होते.

नको होते, हे मुद्दाम म्हणतो. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत ‘हनुमान क्लब’ सुरू केला, तेव्हा समोर गिऱ्हाईक नव्हते, राष्ट्र होते. शरीर कमवायचे ते पारतंत्र्याला उत्तर म्हणून. हुतात्मा राजगुरू यांनी काही काळ अमरावतीच्या या व्यायामशाळेत शिक्षण घेतले. कुष्ठरुग्णांसाठी अमरावतीजवळ ‘तपोवन’ उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन हेही मंडळाच्या उभारणीतले एक मोठे नाव. अशा ठिकाणी तरुण पारखला जात होता, पण कशासाठी? लाठीच्या वर्गाला रोज येतो का, शब्दाला पक्का आहे का, चार पोरांना शिकवू शकेल का, यासाठी. उत्तम खेळाडूपेक्षा उत्तम शिक्षक घडवणे हे मंडळाचे उद्दिष्ट राहिले. देशभरातून येणाऱ्यांना शारीरिक शिक्षणाचे वर्ग आणि पुढे १९६० च्या दशकात पदवी महाविद्यालय, हा क्रम त्यातूनच आलेला आहे. येथून शिकून गेलेला माणूस गावोगावच्या शाळेत ‘पीटीचे सर’ झाला. महाराष्ट्रातल्या खेळावर या एका घटनेचा जेवढा परिणाम आहे, तेवढा कोणत्याही लिलावाचा नसेल.

मंडळाच्याही आधीपासून तालमी होत्या आणि तालमीत उस्ताद होता. नव्या पोराला मातीत उतरवल्यावर दोन दिवसांत उस्तादाला कळे की याची मान कुस्तीची आहे की नाही. ‘आज’ आणि ‘पुढे’ हे दोन्ही रकाने त्याच्या डोक्यात भरले जात. खुराक कोणाला वाढवायचा, कोणाला कोणाशी झुंजवायचे, हे निर्णय त्याच हिशेबाने होत. हे ज्ञान बारीक होते आणि पूर्णपणे तोंडी होते. उस्ताद गेला की त्याचे रकानेही गेले.

आपल्याकडे खेळाविषयी लिहिलेच गेले नाही असे कोणी म्हणू नये. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायामज्ञानकोश’ निघाला. त्याचे दहा खंड १९३६ पासून पुढे प्रसिद्ध होत गेले. डाव, पेच, पवित्रे, मल्लखांबाच्या उड्या यांचे वर्णन करताना मराठी गद्य किती काटेकोर होऊ शकते, हे पाहायचे असेल तर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे खंड जरूर चाळावेत. अभ्यासक्रमात कधीच न लागलेल्या उत्तम मराठी गद्यात आम्ही त्यांची गणना करतो. पण हे वर्णन डावाचे आहे, डाव करणाऱ्याचे नाही. तीच टांग दोन मल्ल दोन तऱ्हांनी कशी मारतात, ती ‘तऱ्हा’ कोशात येत नाही. कोशाचे ते कामही नव्हे. ते काम ज्याचे होते तो मात्र लिहीत नव्हता.

१९३६ च्या बर्लिनच्या पथकाचा इतिहास लिहू जाता हीच उणीव आड येते. पथक गेले, प्रात्यक्षिके झाली, कौतुक झाले, हा क्रम सर्वांना पाठ आहे. चढाई करणारा गडी दम घुमवत मध्यरेषा ओलांडताना खांदा पाडत होता की ताठ जात होता, परक्या मातीवर त्याचा पाय बिचकला का, या प्रश्नांची उत्तरे देणारी टिपणे त्या काळाने लिहून ठेवण्याजोगी मानली नाहीत. त्याच सुमारास अमेरिकेत दुय्यम प्रतीच्या एखाद्या आउटफिल्डरचा उजवा हात किती जोरकस आहे यावर कोणीतरी चार ओळी टंकलिखित करत होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नजरेचे एवढे गोडवे कशाला? आपल्या समाजात नजर कोणाची होती? पळवणकर बाळू यांचे उदाहरण घ्या. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदान राखण्याच्या नोकरीवर होता. सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्याची करामत प्रथम ओळखली ती जे. जी. ग्रेग या इंग्रज खेळाडूने. हिंदूंच्या संघाने त्याला घ्यावे की नाही यावर खल झाला. घेतल्यावरही चहापानाच्या वेळी त्याला वेगळे बसवले जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. ज्यांना दिसत होते त्यांनाही पाहायचे नव्हते. उस्तादाची, निवड समितीची, क्लबच्या चिटणीसाची नजर हीच जर एकमेव वाट असेल, तर ज्यांच्याकडे ती वळतच नाही त्यांनी जावे कुठे?

म्हणून कागद आला, आणि त्याचे येणे आवश्यक होते. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. आज त्याला संत गाडगे बाबांचे नाव आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे आंतरमहाविद्यालयीन सामने या विद्यापीठाच्या छत्राखाली होतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि त्या संघातला खेळाडू आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. (आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या यादीत बेसबॉलही आहे. आमच्याकडचा आउटफिल्डरही खराखुरा असतो, फक्त त्याला पाहायला कोणी हेर येत नाही.) प्रत्येक पायरीवर एक प्रमाणपत्र. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले, तेव्हा या प्रमाणपत्राला पगाराचे मोल आले. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, पोलीस भरती, रेल्वे, महसूल खाते, हाच वऱ्हाडातल्या महाविद्यालयीन खेळाडूचा ड्राफ्ट आहे. अमेरिकेत हेर मैदानावर येतो. येथे प्रमाणपत्र कचेरीत जाते, विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे त्याची पडताळणी होते आणि वैध ठरले की पुढे सरकते.

याला हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या घरातल्या मुलीला कबड्डीच्या प्रमाणपत्रावर पोलिसाची वर्दी मिळते, तेव्हा त्या कागदाने कोणत्याही पारख्याहून मोठे काम केलेले असते. कागदाला जात विचारता येत नाही असे नाही, पण विचारणे अवघड जाते. त्याची दुसरी बाजूही राज्याने पाहिली आहे. नोकरीचे मोल आले तशी बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आणि न खेळलेले खेळाडू कागदावर खेळून गेले. हे शक्य झाले याचे एक साधे कारण आम्हाला दिसते. प्रमाणपत्रात नाव, स्पर्धा, स्थळ, वर्ष आणि क्रमांक एवढेच असते. खेळाचे एकही वाक्य नसते. ज्या कागदात वर्णन नाही तो कोणाच्याही नावावर शोभतो.

नजर आणि कागद यांच्यामधला एक प्रयोग शासनाने ‘क्रीडा प्रबोधिनी’च्या रूपाने केला. अकोल्याची प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी नावाजली. निवासी पद्धतीने मुष्टियोद्धे घडवणारे केंद्र म्हणून अकोल्याचे नाव राज्यभर झाले. या प्रबोधिन्यांत लहान वयातच मुले निवडतात ती शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांनी. उंची, वजन, तीस मीटरची धाव, आठशे मीटर, उभ्या जागेवरून उडी, मेडिसिन बॉलची फेक, कमरेतून वाकून पुढे किती पोहोचतो याचे माप. हे आपले वीस-ते-ऐंशी म्हणायचे. फरक एवढाच की अमेरिकी हेराच्या तक्त्यात आकड्यांनंतर वाक्ये येतात, आपला तक्ता बेरजेवर थांबतो. ठोसा खाल्ल्यावर डोळे मिटतो की उघडे ठेवतो, हे बॉक्सरच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे. ते मेडिसिन बॉलला कळत नाही. ते प्रशिक्षकाला कळते, आणि प्रशिक्षक हा पुन्हा उस्तादच. त्याच्याजवळ ते तोंडी राहते.

क्रिकेटमध्ये चित्र थोडे निराळे झाले, तेही उशिरा. मंडळाने २००२ मध्ये दिलीप वेंगसरकर यांच्या अध्यक्षतेखाली गुणशोधाची एक शाखा काढली. देशभर माजी खेळाडू फिरवायचे आणि त्यांच्याकडून लेखी अहवाल मागवायचे, अशी ती योजना होती. प्रकाश पोद्दार आणि राजू मुखर्जी यांनी जमशेदपूरला एक सामना पाहून महेंद्रसिंग धोनीविषयी पाठवलेले टिपण हे तिचे सर्वांत प्रसिद्ध फळ. काही वर्षांतच ती शाखा गुंडाळली गेली. त्यानंतर २००८ मध्ये आयपीएल आली आणि पहिल्याच वर्षी एकोणीस वर्षांखालच्या खेळाडूंसाठी एक छोटा ड्राफ्टही झाला. त्यात पहिली संधी असलेल्या दिल्लीने डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला. दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरकडे गेला. मेट्स आणि जॅक्सन यांची ही भारतीय आवृत्ती. दिल्लीच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांच्याकडे फलंदाज पुष्कळ होते.

विदर्भाच्या वाट्याला या काळात जे आले त्यातले ठळक नाव नागपूरजवळच्या कोळसा-वसाहतीतल्या उमेश यादवचे. सैन्य आणि पोलीस भरतीत न निवडला गेलेला, टेनिस बॉलवर वाढलेला हा तरुण चामड्याच्या चेंडूकडे फार उशिरा आला आणि २००८ च्या नोव्हेंबरात रणजी खेळलादेखील. त्याला पुढे आणण्यात तेव्हाचा विदर्भाचा कर्णधार प्रीतम गंधे याचा मोठा वाटा. टेनिस बॉल टाकणाऱ्या हातात चामड्याचा चेंडू कसा निघेल, हा अंदाज धातू आणि लाकूड यांच्यामधल्या अंदाजासारखाच आहे. तो ज्याने बांधला त्याने कोणताही तक्ता भरला नव्हता.

अमरावती आणि अकोला ही शहरे नागपूरपासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असली तरी क्रिकेटच्या नकाशावर ती दूर होती. विदर्भाची निवड नागपूरला होई. नजर तिथे बसलेली आणि मुलगा तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा. अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे याने प्रथम श्रेणीतला पहिला सामना खेळला तो थेट रणजीचा अंतिम सामना, इंदूरला, दिल्लीविरुद्ध, २०१७ च्या डिसेंबरात. विदर्भाने तो जिंकला आणि पहिल्यांदाच करंडक घेतला. त्याच हंगामात अकोल्याच्याच अथर्व तायडेने कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावा केल्या. तीनशे वीस हा आकडा आपणहून ओरडतो, त्याला हेराची गरज लागत नाही. गरज लागते ती अमरावतीच्या जितेश शर्मासारख्याला. १९९३ चा जन्म. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत सर्वाधिक धावा करणाऱ्यांत तो तिसरा आला. त्या आकड्यांवर २०१६ मध्ये मुंबईने त्याला दहा लाखांना घेतले आणि एकही सामना खेळवला नाही. नंतर सहा वर्षे शांतता. २०२२ मध्ये पंजाबने वीस लाखांना घेतले आणि शेवटच्या षटकांत येऊन दहा-बारा चेंडूंत सामना हलवण्याची कामगिरी दिली, तेव्हा तो ‘सापडला’. २०२३ मध्ये तो भारताकडून खेळला, २०२४ च्या अखेरच्या लिलावात बंगळूरने अकरा कोटी मोजले आणि २०२५ च्या मेमध्ये लखनौला त्याने तेहतीस चेंडूंत नाबाद पंच्याऐंशी धावा कुटल्या. बंगळूरने त्याच हंगामात पहिले विजेतेपद मिळवले.

दहा लाख ते अकरा कोटी या प्रवासात मुलगा बदलला की पाहणाऱ्यांचे डोळे? आमचे मत असे की त्याच्याकडून काय हवे हा प्रश्न बदलला. २०१६ मध्ये त्याच्या धावा मोजल्या गेल्या होत्या. त्या धावा कशा केल्या, कोणत्या चेंडूवर हात लवकर मोकळे होतात, क्षेत्ररक्षण पसरल्यावर तो काय करतो, या ‘कशा’चे उत्तर देणारे गद्य एकतर लिहिले गेले नाही किंवा वाचले गेले नाही. आजचे संघ सामन्यांचे चित्रण साठवतात, चेंडूगणिक नोंद ठेवतात. ही नोंद त्यांच्या मालकीची असते, तिच्यावर जिल्ह्याचा हक्क नसतो. कबड्डीचेही तेच झाले. २०१४ च्या मेमध्ये पहिला लिलाव झाला, राकेश कुमारला सर्वाधिक १२ लाख ८० हजारांची बोली लागली, आणि पुढे हे आकडे दोन कोटींच्या वर गेले. बर्लिनला जो खेळ राष्ट्रासाठी दाखवला गेला त्याला शेवटी गिऱ्हाईक मिळाले. आम्हाला याचे दुःख नाही, खेळाडूच्या घरात पैसा गेला तर तो जावाच. पण किंमत हेही एक प्रकारचे प्रमाणपत्रच आहे. तिच्यातही वाक्य नसते.

मराठीत हे गद्य लिहिण्याची ताकद नाही काय? वि. वि. करमरकर यांनी मराठी वृत्तपत्रात खेळाला स्वतंत्र पान आणि भाषा मिळवून दिली, हे सर्वज्ञात आहे. अपूर्ण गोष्टीतले ‘पुढे’ वाचण्याची कलाही आपल्याकडे होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकाच्या हस्तलिखितावर सविस्तर पत्रे लिहीत. ‘सत्यकथे’तल्या त्या साभार परत पत्रांत ‘आज’ आणि ‘पुढे’ असे दोन रकाने स्पष्ट दिसतात. कच्च्या कथेविषयी जे आपण करू शकलो ते कच्च्या खेळाडूविषयी करण्याचे मनात आले नाही, कारण तो विषय लेखनाच्या योग्यतेचा मानला गेला नाही.

एकाच विद्यापीठात मराठीचा विभाग असतो आणि शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही असते. शारीरिक शिक्षणाचे लघुप्रबंध दोन गटांच्या सरासरीतला फरक काढतात, ‘टी’ मूल्य देतात आणि थांबतात. मराठीचे प्रबंध वऱ्हाडी बोलीतल्या म्हणी गोळा करतात. मैदानाच्या दोरीवर टेकून सामना पाहणारा एखादा निवृत्त शिक्षक त्याच वऱ्हाडीत शेजारच्याला सांगत असतो की हे पोट्टं चढाईला जाताना डाव्या पायावर वजन जास्तच टाकते, पण याचा हात लय लांब येते, याले दोन वर्षं थांबा. हे वाक्य दोन्ही प्रबंधांत येत नाही. खेळाडूंच्या नोंदीचा महाविद्यालयीन तक्ता एव्हाना सर्वत्र ठरीव झाला आहे : अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, वर्ग, खेळ, स्पर्धेचे स्थळ, मिळालेला क्रमांक. उजवीकडे शेवटी ‘शेरा’ असा एक अरुंद रकाना असतो. त्यात सहसा एक आडवी रेघ मारलेली असते.